रुंकिना: सुताराच्या रंध्यावरून लॅटिनची पहिली ओळख

लॅटिन शिकायचं ठरवून पुस्तक उघडलं की पहिल्या काही पानांतच शब्द चालवायचा तक्ता समोर येतो. बरेच जण तो पाठ करायला बसतात, आठवडाभर टिकतात आणि सोडून देतात. मीही दोनदा सोडलं. तिसऱ्या वेळी तक्ता बाजूला ठेवला आणि एकच शब्द हातात घेतला: रुंकिना, म्हणजे सुताराचा रंधा. माझ्या मामांचं सुतारकाम होतं. मे महिन्याची सुट्टी त्यांच्या शेडमध्येच जायची, त्यामुळे हत्यारांची नावं मला माणसांच्या नावांइतकी जवळची. या एका शब्दाचा कोशापासून जुन्या वाक्यांपर्यंत माग काढला तेव्हा विभक्ती, उच्चार, शब्दांची उसनवारी हे सगळं आपोआप समजत गेलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी तोच रस्ता इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

हाच शब्द का? कारण तो लॅटिन साहित्यात फार थोड्या ठिकाणी येतो. ‘पाणी’ किंवा ‘राजा’ यांसाठीच्या शब्दांची हजारो वाक्यं सापडतील आणि त्यात माणूस हरवेल. रुंकिनाची महत्त्वाची वाक्यं तुम्ही दोन-तीन संध्याकाळींत स्वतः वाचून काढू शकता. एक वही घ्या. शाळेत संस्कृत झालं असेल तर उत्तम, नसेल तरी मराठीतल्या विभक्ती पुरेशा आहेत.

आधी लिहायची पद्धत ठरवा

लॅटिनची लिपी रोमन, पण उच्चार शिकताना देवनागरीचा मोठा फायदा होतो. छापील लॅटिनमध्ये ह्रस्व-दीर्घ बहुतेक वेळा दाखवत नाहीत, आणि या भाषेत अर्थ ह्रस्व-दीर्घावर फिरतो. आपल्याकडे इ-ई, उ-ऊ तयारच आहेत. अडचण येते ती ‘आ’ची, कारण लॅटिनमध्ये एक आखूड आ आहे आणि एक लांब आ आहे. मी लांब आ पुढे अवग्रह लावतो: आऽ. हा अवग्रह शोभेसाठी नाही. ‘रुंकिना’ म्हणजे रंधा आणि ‘रुंकिनाऽ’ म्हणजे रंध्याने. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथेच मी तो वापरला आहे. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर असेल तर ते तसंच तोडून म्हणा.

तुमच्या वहीतही डाव्या बाजूला रोमन, उजव्या बाजूला देवनागरी असं लिहा. रोमन लिपीत ‘सी’ हे अक्षर दिसलं की देवनागरीत डोळे मिटून ‘क’ लिहायचा. रोमन लोक सीझरचा उच्चारही ‘काएसार’च्या जवळपास करत. चर्चच्या परंपरेतल्या उच्चारात हाच शब्द ‘रुंचिना’ होतो. तो उच्चार चुकीचा नाही, तो नंतरच्या काळातला आहे. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका.

पहिली पायरी: कोशातली नोंद वाचायला शिका

लॅटिन कोशात आपला शब्द असा दिसेल: रुंकिना, -आय, स्त्री. एवढ्याशा नोंदीत तीन गोष्टी आहेत. पहिलं रूप प्रथमेचं, दुसरं षष्ठीचं (म्हणजे ‘रंध्याचा’), आणि तिसरं लिंग.

प्रथमा कळल्यावर षष्ठी कशाला हवी, असं वाटेल. मराठीत ‘रंधा’ला ‘ने’ लावला की ‘रंधाने’ होत नाही, ‘रंध्याने’ होतं. प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो आणि त्या बदललेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. लॅटिनमध्येही प्रथमा अनेकदा खरं अंग लपवते. ‘ओपुस्’ म्हणजे काम, पण त्याची षष्ठी ‘ओपेरिस्’, आणि बाकीची जवळजवळ सगळी रूपं ‘ओपेर्’ला प्रत्यय लागून होतात. हे नुसतं ‘ओपुस्’ पाहून कधीच कळणार नाही. कोश म्हणूनच षष्ठी देतो. षष्ठीचा प्रत्यय काढा, उरेल ते अंग. रुंकिनाय मधून आय काढला की राहिलं रुंकिन्. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: नवा शब्द वहीत एकटा कधीच उतरवायचा नाही, त्याची षष्ठी आणि लिंग शेजारी हवंच.

लिंगाकडे आपण मराठी माणसं विशेष लक्ष द्यायला हवं. आपला रंधा पुल्लिंगी, त्यांची रुंकिना स्त्रीलिंगी. ‘नवा’ साठी लॅटिन शब्द नोवुस् (पुल्लिंगी), नोवा (स्त्रीलिंगी), नोवुम् (नपुंसकलिंगी) असा बदलतो. डोक्यात ‘नवा रंधा’ असतो, म्हणून हात आपोआप ‘रुंकिना नोवुस्’ लिहून जातो. बरोबर रूप ‘रुंकिना नोवा’. मराठीतल्या लिंगाचा पगडा सुटायला वेळ लागतो, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही अडचण येत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकं याबद्दल सावध करत नाहीत.

दुसरी पायरी: जोर कुठे द्यायचा

लघु-गुरू मोजता येत असेल तर हे काम दोन मिनिटांचं आहे. शब्दाचं शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर. ते लघु असेल तर जोर एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर. रुं-कि-ना मध्ये ‘कि’ लघु आहे, म्हणून जोर ‘रुं’वर. आता शेजारी दुसरं हत्यार ठेवा: स्को-बी-ना, म्हणजे लाकडाची खरखरीत कानस. तिथे ‘बी’ गुरू, म्हणून जोर ‘बी’वर. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची शेवटची तीन अक्षरं सारखीच दिसतात. देवनागरीत लिहिलं की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

हा फरक दोन शब्दांच्या वेगळ्या जन्मामुळे आला आहे. स्कोबीना अस्सल लॅटिन आहे. ‘स्कोबिस्’ म्हणजे लाकडाचा भुसा, आणि त्याला ‘ईना’ हा दीर्घ प्रत्यय लागला. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या वार्रो या पंडितानेही तो शब्द भुशावरूनच लावला आहे. रुंकिनातली ‘इ’ मात्र प्रत्ययाची नाहीच. ती कुठून आली, हीच पुढची आणि माझ्या मते सगळ्यात आनंदाची पायरी.

तिसरी पायरी: मूळ शोधताना ध्वनींची साक्ष काढा

लॅटिनच्या स्वतःच्या अनेक हत्यारवाचक शब्दांत धातू आणि साधनाचा प्रत्यय असे दोन सांधे स्पष्ट दिसतात. ‘आराऽत्रुम्’ म्हणजे नांगर: आराऽ (नांगरणे) आणि त्रुम्. हा त्रुम् संस्कृतातल्या शस्त्र, नेत्र, पात्र यांमधल्या ‘त्र’चा सख्खा भाऊ. ‘तेरेब्रा’ म्हणजे गिरमिट: ‘तेर्’ (घासणे) या धातूला ‘ब्रा’ हा साधनाचा प्रत्यय. रुंकिनाचे असे सांधे सुटत नाहीत. शब्द तयार अवस्थेत बाहेरून आला असावा, हा पहिला संशय इथे घ्यायचा.

वार्रो तर स्पष्टच सांगतो. ग्रीकमधून आलेल्या शब्दांची यादी देताना तो लिहितो: ‘रुंकिनाऽरे आ रुंकिनाऽ, कुइउस् रुकाने ओरीगो ग्राइका’. म्हणजे, रुंकिनाऽरे (रंधणे) हे क्रियापद रुंकिना या नामावरून, आणि तिचं मूळ ग्रीक ‘रुकाने’. वार्रोच्या सगळ्याच व्युत्पत्ती खऱ्या नसतात. त्याच यादीत ‘वाहून नेणे’ या अर्थाचं लॅटिन ‘फेर्रे’ तो ग्रीक ‘फेरेइन’वरून आलं म्हणतो, आणि आज आपल्याला माहीत आहे की ते दोघे आणि संस्कृत ‘भर्’ ही एकाच घरातली भावंडं, कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. म्हणून त्याचं नुसतं नाव घेऊन थांबू नका. ध्वनी तपासा.

रुकाने मधल्या ‘का’तला आखूड आ रुंकिनामध्ये ‘कि’ झाला. हा अपघात नाही. जुन्या लॅटिनमध्ये शब्दाच्या मध्ये आलेला, उघड्या (म्हणजे स्वरावरच संपणाऱ्या) अक्षरातला आखूड आ झिजून इ व्हायचा. ग्रीक माखाना (यंत्र, दोरिक या ग्रीक बोलीतलं रूप) लॅटिनमध्ये माऽकिना झालं, तेच पुढे ‘मशीन’ होऊन आपल्या शिलाई मशीनपर्यंत पोहोचलं. ग्रीक त्रुताने (तराजू) लॅटिनमध्ये त्रुतिना. पाताने (पसरट भांडं) झालं पातिना. चौथी आपली रुंकिना. चारही शब्द वहीत एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने म्हणा. नियम पाठ करावा लागणार नाही.

शिवाय ग्रीकमधला तो विशिष्ट ओठ गोल करून म्हणायचा स्वर इथे साध्या ‘उ’ने लिहिला आहे आणि सुरुवातीच्या ‘र’बरोबर ‘ह’ नाही. सुशिक्षित रोमनांनी पुढे ग्रीक शब्द घेताना या दोन्ही गोष्टी काळजीपूर्वक दाखवल्या. इथे त्या नाहीत, म्हणजे शब्द जुना, कानाने घेतलेला. पुस्तक वाचून नाही, शेजारी उभं राहून काम पाहताना. दक्षिण इटलीत ग्रीकांच्या वसाहती होत्या. त्यातल्याच तारास, म्हणजे आजच्या तारान्तो शहराचा कवी लिओनिदास इ.स.पू. तिसऱ्या शतकात एक लहानशी कविता करतो. थेरिस नावाचा कारागीर धंद्यातून निवृत्त होताना आपली हत्यारं पाल्लास देवीला वाहतो: न वाकणारा मापाचा दांडा, करवत, कुऱ्हाड, चकचकीत रंधा आणि गरगर फिरणारं गिरमिट. तिथे रंध्यासाठी ‘रुकाना’ हा दोरिक बोलीतला शब्द आहे. हत्यार आणि नाव दोन्ही याच बाजूने रोमकडे गेली असावीत असं मला वाटतं.

आता उरतो तो अनुस्वार. रुकाने मध्ये ‘क’च्या आधी ‘न्’चा ध्वनी नव्हता, रुंकिनात तो कसा शिरला? लॅटिनमध्ये ‘रुंकाऽरे’ हे क्रियापद आधीपासून होतं: तण उपटणे, खुरपणी करणे. संस्कृतातल्या ‘लुञ्च्’शी त्याचं नातं जोडतात, म्हणजे जैन साधूंच्या केशलुंचनातलं ते लुंचन. खुरपणी म्हणजे नको ते काढून जमीन साफ करणं, आणि रंधाही नको ते काढून लाकूड साफ करतो. परका शब्द ओळखीच्या शब्दाच्या जवळ सरकला आणि त्याचा अनुस्वार उचलून आला. आपल्याकडेही असं होतं. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पाँव’वरून गोव्यामार्गे आला, आणि त्याच्या मागे लॅटिन ‘पाऽनिस्’ आहे. पण ‘पायाने मळतात म्हणून पाव’ हे स्पष्टीकरण तुम्हीही ऐकलं असेलच. न कळणाऱ्या शब्दाला घरातला शब्द चिकटवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही.

आणि एक जवळची गोष्ट. कंपासपेटीतला गुण्या आठवा, सुताराच्या पिशवीतही तो असतोच. तो शब्द फारसी ‘गूनिया’तून आला आणि फारसीने तो ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोपरा, यावरून घेतला. ग्रीक कारागिरांचे शब्द पश्चिमेला रोमनांकडे गेले तसे पूर्वेला चालत चालत आपल्या शाळेच्या दप्तरापर्यंत आले. मामांच्या भिंतीवर रंधा आणि गुण्या शेजारी टांगलेले असायचे. त्यातल्या एकाचं नाव फारसी आणि दुसऱ्याचं फारसीतून आलेलं ग्रीक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

एक खबरदारी. कोशात ‘रुंकिना’ दुसऱ्यांदाही भेटेल, आणि ती देवी आहे. संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमनांच्या शेतीच्या देवतांची यादी देतो. पिकाला फुलोरा येताना एक, दाण्यात दूध भरताना दुसरा, पिकताना तिसरी, आणि पीक जमिनीवरून काढताना रुंकिना. ही देवी सरळ त्या रुंकाऽरे क्रियापदातून आलेली. रंध्याशी तिचा संबंध नाही. लिहायला सारखे आणि चालवायला सारखे, पण कुळं वेगळी. कोशात एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी दिसल्या की दोन्ही वाचायच्या, हे मी इथे शिकलो.

चौथी पायरी: शब्द चालवा

आता तक्ता. शब्द ओळखीचा झाला आहे, त्यामुळे तो जड जाणार नाही. संस्कृतातला ‘माला’ शब्द चालवला असेल तर अर्धं काम झालंच आहे.

एकवचन
प्रथमा: रुंकिना (रंधा)
षष्ठी: रुंकिनाय (रंध्याचा)
चतुर्थी: रुंकिनाय (रंध्यासाठी, रंध्याला)
द्वितीया: रुंकिनाम् (रंधा, कर्म म्हणून)
पंचमी: रुंकिनाऽ (रंध्याने, रंध्यापासून)

अनेकवचन
प्रथमा: रुंकिनाय
षष्ठी: रुंकिनाऽरुम्
चतुर्थी: रुंकिनीस्
द्वितीया: रुंकिनाऽस्
पंचमी: रुंकिनीस्

संबोधन प्रथमेसारखंच. द्विवचन नाही.

लॅटिनची ‘पंचमी’ नावाला पंचमी आहे. संस्कृतातल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचा संसार तिने एकटीने उचलला आहे. मालया, मालायाः, मालायाम् ही तीन कामं लॅटिनमध्ये एका रूपावर येऊन पडली. म्हणून रुंकिनाऽ दिसलं की ‘ने? पासून? मध्ये?’ असं तिन्ही विचारा. हत्याराचा शब्द असल्यामुळे उत्तर बहुधा ‘ने’ येतं, आणि म्हणूनच सुरुवातीला हत्याराचा शब्द सोयीचा.

द्वितीयेत मालाम् आणि रुंकिनाम् शेजारी ठेवून पाहा, शेवटचा ‘म्’ दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाला आहे. षष्ठीतला ‘आऽरुम्’ मात्र ‘मालानाम्’शी जुळत नाही आणि नवखा माणूस इथे अडखळतो. त्याचा जोडीदार सर्वनामांत आहे: ‘तासाम्’, म्हणजे त्या स्त्रियांचा. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘स्’ लॅटिनमध्ये ‘र्’ होतो, म्हणून ‘आसाम्’च्या जागी ‘आऽरुम्’. ‘ओपुस्’चं ‘ओपेरिस्’ का झालं, त्याचं उत्तरही हेच. एक नियम कळला आणि दोन कोडी सुटली.

पहिलं वाक्य स्वतः बनवा:

फाबेर् ताबुलाम् रुंकिनाऽ पोलित्.

फाबेर् सुतार, ताबुलाम् फळी (द्वितीया), रुंकिनाऽ रंध्याने, पोलित् गुळगुळीत करतो. शब्दांचा क्रम मराठीसारखाच आहे, एकही शब्द हलवावा लागला नाही. इंग्रजीतून लॅटिन शिकवणारी पुस्तकं क्रियापद शेवटी येतं म्हणून विद्यार्थ्याला धीर देत बसतात. आपल्याला त्याची गरज नाही. शक्य तितकं मराठीतूनच विचार करून लॅटिन लिहा, मध्ये इंग्रजीचा थांबा घेऊ नका.

नामावरून क्रियापद करायचं असेल तर रुंकिनाऽरे, म्हणजे रंधणे. मी रंधतो: रुंकिनो. तू: रुंकिनाऽस्. तो किंवा ती: रुंकिनात्. यातलं रुंकिनाऽस् पाहून थांबलात ना? ‘रंध्यांना’ (द्वितीया अनेकवचन) आणि ‘तू रंधतोस’ ही दोन्ही रूपं हुबेहूब एक. वाक्यात दुसरं क्रियापद आहे का, ते पाहून ठरवायचं.

पाचवी पायरी: शब्द कामावर असताना पाहा

रंधा भिंतीवर टांगलेला असताना त्याचं काही कळत नाही, तो लाकडावर चालताना बघावा लागतो. तक्त्यातल्या रूपांचंही तसंच आहे. तीन वाक्यं घेऊ.

पहिलं प्लिनी या रोमन लेखकाचं. व्हेसुव्हियसच्या इ.स. ७९च्या उद्रेकात तो मेला. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या सोळाव्या भागात झाडांची माहिती आहे, आणि तिथे आबिएस्, म्हणजे फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाबद्दल तो सांगतो की दाराच्या फळ्यांना आणि घरातल्या आतल्या कामाला हे लाकूड फार चांगलं, मग काम ग्रीक पद्धतीचं असो, काम्पानियाचं असो की सिसिलीचं. सुतारकामाच्या या तीन पद्धतींची नावं पाहा, सगळी दक्षिणेची आणि ग्रीकांच्या वहिवाटीची. पुढे रंध्याच्या झपाट्यांनी या लाकडाचं काय होतं ते येतं: ‘राऽमेन्तोरुम् क्रीनिबुस्’, म्हणजे सालपटांच्या केसांनी, ते ‘पाम्पिनाऽतो ओर्बे’, द्राक्षवेलीच्या तणाव्यासारख्या वळणाने, स्वतःला गुंडाळत जातं.

हे वाचलं तेव्हा मी वही खाली ठेवली. मामा सागाच्या फळीवर रंधा टाकायचे तेव्हा पात्याच्या फटीतून आधी सालपटाचं एक टोक डोकं वर काढायचं, मग एकसलग पट्टी वर येता येता स्वतःभोवती वळत जायची, आणि फळीच्या टोकाला रंधा पोहोचला की ती कुरळी बट तशीच गरम, त्यांच्या मनगटावर पडायची. पातं बोथट असेल तर बट येत नाही, तुकडे आणि भुगा येतो. प्लिनीने धारदार रंधा चालताना जवळून पाहिला होता यात मला शंका नाही, कारण ‘केस’ हा शब्द लांबून सुचत नाही.

आता व्याकरण. राऽमेन्तोरुम् षष्ठी अनेकवचन, सालपटांच्या. क्रीनिबुस् पंचमी अनेकवचन, केसांनी. ओर्बे पंचमी एकवचन, वळणाने, आणि पाम्पिनाऽतो हे त्याचं विशेषण, म्हणून तेही पंचमीत. दोन्ही ठिकाणी पंचमी तृतीयेचं काम करते आहे. चार शब्दांत एवढं वाचता आलं की तक्त्याचं ओझं वाटत नाही.

दुसरं वाक्य उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचं. तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक साधारण इ.स. १९७मध्ये रोमन अधिकाऱ्यांना उद्देशून लिहितो. तुम्ही आम्हा ख्रिश्चनांच्या बरगड्या लोखंडी नख्यांनी ओरबाडता, असं म्हणून तो पुढे लिहितो:

आत् इन् देओस् वेस्त्रोस् पेर् ओम्निया मेम्ब्रा वालिदिउस् इन्कुम्बुन्त् आस्किआय एत् रुंकिनाय एत् स्कोबीनाय.

‘पण तुमच्या देवांवर तर, त्यांच्या प्रत्येक अवयवावर, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), रंधे आणि कानशी याहून जोराने चालतात.’ लाकडी मूर्ती घडवताना देवाच्या अंगावर हीच हत्यारं चालतात, हा त्याचा मुद्दा.

इथे तुमची खरी परीक्षा आहे. रुंकिनाय हे रूप तक्त्यात तीन ठिकाणी आहे: एकवचनी षष्ठी, एकवचनी चतुर्थी, अनेकवचनी प्रथमा. कोणतं घ्यायचं? आधी क्रियापद शोधा. इन्कुम्बुन्त् च्या शेवटी ‘उन्त्’ आहे, म्हणजे कर्ता अनेक. मग प्रथमेतलं अनेकवचन शोधा. देओस् वेस्त्रोस् हे ‘इन्’बरोबर द्वितीयेत आहे, ओम्निया मेम्ब्रा हे ‘पेर्’बरोबर द्वितीयेत, आणि वालिदिउस् क्रियाविशेषण. उरली तीन हत्यारं. तीच कर्ता, तीच प्रथमा. रूपाकडे टक लावून उत्तर मिळत नाही, ते वाक्य देतं. हे एकदा हाडीमाशी मुरलं की लॅटिन वाचन सुरू झालं असं समजा.

तिसरं वाक्य बायबलच्या लॅटिन भाषांतरातलं, यशया ४४:१३. संत जेरोमने ते चौथ्या शतकाच्या अखेरीस केलं. हाही मूर्ती घडवणाऱ्या सुताराचाच प्रसंग आहे:

आर्तिफेक्स् लिग्नाऽरिउस् एक्स्तेन्दित् नोर्माम्, फोर्माऽवित् इल्लुद् इन् रुंकिनाऽ.

‘लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने गुण्या धरला, रंध्याने ते घडवलं.’ नोर्माम् म्हणजे काटकोन मापायचं साधन, आपला गुण्या. पुढच्या शब्दांत वर्तुळ काढायचं साधन किर्किनुस्, म्हणजे परकार, हेही येतं.

‘इन् रुंकिनाऽ’ मध्ये ‘इन्’ कशाला? आपण वर ‘रंध्याने’ साठी नुसती पंचमी वापरली होती, आणि सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळातल्या लेखकानेही तेच केलं असतं. पण मूळ हिब्रूत साधन दाखवायला एक शब्दयोगी लागतो, ज्याचा अर्थ ‘मध्ये’ असाही होतो. जेरोमने मुळाशी इमान राखत तो लॅटिनमध्ये आणला. म्हणून बायबलच्या लॅटिनवरून व्याकरण शिकताना ही रचना ओळखा, पण स्वतः लिहिताना नुसती पंचमी वापरा.

तीनातल्या दोन वाक्यांत रंधा देवाच्या मूर्तीवर चालतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्यांच्या हातात तो रोज होता त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं या वाक्यांत नाही. त्यांचे रंधे मात्र उरले. पॉम्पेईत सापडले, आणि इंग्लंडमधल्या सिल्चेस्टर या जुन्या रोमन शहराच्या उत्खननात १८९० साली लोखंडी हत्यारांच्या ढिगात एक सापडला, तो रेडिंगच्या संग्रहालयात आहे. पातं, वर पाचर, पाचरीला अडवणारी आडवी सळई. पात्याला पाचर मारून बसवायची ती जुनी रीत मामांच्या लाकडी रंध्यातही तीच होती.

शब्दाचं पुढे काय झालं

थोडक्यात सांगतो. बोलीभाषेत ‘सपाट करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून ‘प्लाऽना’ हा नवा शब्द आला आणि त्याने रुंकिनाला मागे टाकलं. पोर्तुगीज प्लाइना, इटालियन पिआल्ला, इंग्रजी प्लेन हे सगळे त्या घराण्यातले. रुंकिनाचा एक वारस फ्रेंचमध्ये उरला: रुजीन. ते सुताराचं हत्यार राहिलं नाही, हाड खरवडायचं शल्यवैद्याचं हत्यार झालं.

आता तुमचा सराव

वहीत पुढचे चार शब्द घ्या: सेर्रा (करवत), आस्किआ (वाकस), तेरेब्रा (गिरमिट), लीमा (कानस). चारही रुंकिनासारखे स्त्रीलिंगी आणि त्याच तक्त्याने चालणारे. प्रत्येकाची षष्ठी लिहा, अंग काढा, जोर कुठे येतो ते लघु-गुरूने ठरवा, आणि ‘सुतार अमुक हत्याराने काम करतो’ असं एकेक वाक्य नुसत्या पंचमीत बनवा. आपला गोंधळ बहुधा दोन ठिकाणी होतो. करवत आणि कानस मराठीतही स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे तिथे विशेषणं बरोबर येतील. वाकस आणि गिरमिटाला मात्र मराठीचं लिंग आत घुसू देऊ नका. दुसरं म्हणजे आऽ चा अवग्रह गाळला जातो आणि ‘वाकसाने’ऐवजी ‘वाकस’ लिहिलं जातं.

ते जमलं की रोमच्या सगळ्यात जुन्या कायद्यातली, इ.स.पू. ४५१-४५० च्या बारा फलकांवरची एक ओळ वाचा. अंत्यविधीतला डामडौल आवरण्यासाठी केलेला नियम आहे. रोगुस् म्हणजे चिता, ने म्हणजे नको, पोलीतो हे वर भेटलेल्या पोलित्‌चंच आज्ञार्थी रूप, आणि आस्किआचं जुनं लिखाण आस्केआ. उरलेलं तुम्हाला येतं:

रोगुम् आस्केआऽ ने पोलीतो.